शाळेत कोण आलं नाही?

अप्पा बळवंत चौकातून दगडूशेठ गणपतीकडे चालत निघालात की मंदिरासमोर भिडे वाड्याची जागा लागते. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथे मुलींची शाळा काढली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्यांची पुढची कामं ओळीने मांडून पाहिली, की त्यामागे एक साधा प्रश्न दिसतो: अजून कोण आलं नाही, आणि का?

पहिली शाळा फार काळ टिकली नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच, चिपळूणकरांच्या वाड्यात, पुन्हा सुरुवात झाली. पहिल्या दिवशी मुली ८; पुढे त्या ४८ झाल्या. कुणालाही तेवढ्यावर समाधान वाटलं असतं. पण त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, आणखी शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाली. तरी शेतकरी आणि मजूर बाहेरच होते. त्यांचा दिवस कामात जायचा. म्हणून १८५५ मध्ये रात्रशाळा सुरू झाली. माणसाने शाळेची वेळ पाळायची, की शाळेने माणसाची? फुल्यांनी दुसरी वाट धरली.

त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता महार-मांगांचं दुःख. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हे तिने लिहिलं. वस्तीची गरज काय, हे वस्तीतल्याच मुलीने सांगितलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला कदाचित फक्त शिक्षणाचा अभाव दिसला असता. तिला छपराचा अभावही दिसला, कारण ती तिथे राहत होती.

पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं, की आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. म्हणजे आधी स्वतःची मर्यादा, मग मागणी. मागण्याही नेमक्या होत्या. शेतकऱ्यांची पोरं गुरं राखतात, शेतावर असतात, म्हणून नुसती शाळा उघडून भागणार नाही. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या. शिक्षक शक्यतो कष्टकरी समाजातलेच तयार करा. ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वासला हातात धरायला मास्तरला लाज वाटता कामा नये. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती हवी. चौतीस वर्षं प्रत्यक्ष काम केल्याशिवाय अशी यादी सुचत नाही.

आज कॉलेजचा एखादा ग्रुप याच पेठेत काम करायला येतो, तेव्हा बहुतेकदा काय द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं: वह्या, दप्तरं, एका रविवारची चित्रकला स्पर्धा. फोटो छान येतात. पण याच पेठेत देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या गल्ल्या आहेत. तिथल्या एखाद्या आईला विचारलं, तर तिची अडचण कदाचित वहीची नसेलच. संध्याकाळ झाली, की मुलाला रात्रभर ठेवायचं कुठे, ही असेल. ती वहीच्या गठ्ठ्याने सुटत नाही. त्यासाठी रात्री कुणीतरी जागं राहावं लागतं. रात्रशाळेने १८५५ मध्ये हेच ओळखलं होतं.

म्हणून पुढच्या रविवारी आलात, तर पहिल्या फेरीत काहीच वाटू नका. बसा, ऐका, लिहून घ्या. आणि परत जाताना एवढं विचारा: आज इथे कोण आलं नाही?