ऑपरेशननंतर लगेच उठवायचं? एका जुन्या भीतीचा इतिहास

"डॉक्टर, पाणी कधी द्यायचं?"

ऑपरेशन थिएटरबाहेर आलो की नातेवाइकांचा पहिला प्रश्न "सगळं नीट झालं ना?" आणि दुसरा हा. त्यानंतर मी सांगतो, "संध्याकाळी पेशंटला उठवून खुर्चीत बसवायचं आहे, जवळ कोण थांबणार?" मग सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. "अहो, आजच? टाके तुटले म्हणजे?" मागे एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोराला घरी पाठवायची एवढी घाई का करताय? बिलाचं काही आहे का?" भात खाल्ला की टाक्यांत पू होतो, हेही त्यांनीच सांगितलं. (होत नाही. वरणभात खुशाल द्या.)

आजींना मी हसलो नाही, कारण ही भीती लोकांच्या मनात आम्हा डॉक्टरांनीच घातली आहे. पोटाचं ऑपरेशन म्हणजे नाकात नळी, हाताला सलाईन, आवाज करून वारा सरेपर्यंत तोंडात थेंब नाही आणि आठ-दहा दिवस खाट, हे आमच्या आधीच्या पिढ्या शिकत आल्या आणि मीही तेच शिकलो. हे नियम मोडायला शंभर वर्षं लागली. आज ती गोष्ट सांगतो.

अंथरुणातून लवकर उठवण्याची कल्पना मुळीच नवी नाही. शिकागोच्या एमिल रीस या डॉक्टरांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं, की पोट उघडलेल्या बायकांना आपण लवकर खायला देतो, लवकर उठवतो आणि त्यांचं काही बिघडत नाही. फारसं कुणी ऐकलं नाही. १९४० च्या दशकात डेट्रॉइटचे सर्जन डॅनियल लायटहाउझर यांनी पुन्हा तोच मुद्दा धरला, त्यावर पुस्तकही लिहिलं. या वेळी लोकांनी ऐकलं, पण त्यामागे महायुद्ध होतं. खाटा कमी, नर्स कमी, जखमी जास्त. माणसांना नाइलाजाने लवकर उठवलं आणि ती बरी झाली! १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक खट्याळ पण बोचरा लेख लिहिला. पडून राहिल्याने फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, हाडं ठिसूळ होतात, स्नायू वाळतात, बद्धकोष्ठ होतो, असा एकेका अवयवाचा हिशोब त्यांनी मांडला.

पण पेशंट उठणार कसा? पोटावर वीतभर चीर आणि खोकला आला तरी जीव जातो, अशा माणसाला "चला, उठा" म्हणणं सोपं असतं. लवकर उठण्याचा प्रश्न दुखण्यापाशी येऊन अडकत होता. म्हणून आता दुखण्याकडे वळू.

१९४४ साली इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैन्यासोबत हेन्री बीचर नावाचे भूलतज्ज्ञ होते. मोठ्या जखमा घेऊन आलेल्या सैनिकांना ते विचारत, "दुखण्यावर औषध हवं का?" पुरेसे शुद्धीवर असलेले तीन चतुर्थांश सैनिक म्हणाले, नको. तेवढ्याच जखमेचा साधा नागरिक औषध मागून मागून बेजार करतो. बीचर यांचा तर्क असा होता, की सैनिकाला जखम म्हणजे सुटका, आता घरी जायचं. नागरिकाला तीच जखम म्हणजे संकट. जखमेचा आकार आणि दुखण्याचा आकार सारखा नसतो.

पुढे बीचर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलशास्त्र विभागाचे प्रमुख असताना तिथल्याच लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो १९६४ मध्ये छापून आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित प्रयोग आहे.

पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट घेतले. आदल्या रात्री भूलतज्ज्ञ सगळ्यांनाच भेटले आणि भूल कशी देणार ते सांगितलं. एका गटाला दुखण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या गटाशी मात्र नीट बोलले: ऑपरेशननंतर दुखेल, इथे दुखेल, इतका वेळ दुखेल, आणि हे सगळ्यांनाच होतं, काही बिघडलं म्हणून नव्हे. पोटाचे स्नायू आवळले की जास्त दुखतं, म्हणून ते सैल कसे सोडायचे, दीर्घ श्वास कसा घ्यायचा, पोटावर ताण न देता कूस कशी बदलायची, हे शिकवलं. एवढं करूनही दुखलं तर औषध मागा, असंही सांगितलं. ऑपरेशननंतर पुन्हा भेटून तेच आठवून दिलं.

कोणता पेशंट कोणत्या गटात आहे, हे सर्जनना माहीत नव्हतं. निकाल असा आला, की ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांना मॉर्फिनच्या जातीची औषधं जवळपास निम्मीच लागली. आणि सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, खाटेशेजारी बसून केलेल्या चार गोष्टी.

(एक बाब खटकते. आपण प्रयोगात आहोत हे या पेशंटना सांगितलेलं नव्हतं. त्या काळी ते चालून जायचं. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, संमती न घेता होणाऱ्या संशोधनाविरुद्ध गाजलेला लेख लिहिला तो याच बीचर यांनी.)

हा प्रयोग मागे का पडला? माझा अंदाज सांगतो. बोलण्याला वेळ लागतो आणि बोलणं विकायला कुणी कंपनी येत नाही.

पुढची मोठी उडी डेन्मार्कमध्ये झाली. तिचं मूळ मात्र ग्लासगोत होतं. १९३० च्या सुमारास डेव्हिड कथबर्टसन तिथे पाय मोडलेल्या पेशंटची लघवी गोळा करून तपासत होते. तिच्यातून इतकं नायट्रोजन, म्हणजे प्रथिनांचा अंश, जात होतं की तेवढं एकट्या मोडलेल्या जागेतून येणं शक्यच नव्हतं. दुखापत एका जागी होते, पण झीज सगळ्या शरीराच्या स्नायूंची होते. ऑपरेशन हीदेखील शरीराच्या दृष्टीने एक दुखापतच. ऑपरेशननंतर "सगळं ठीक आहे, पण अंगात त्राणच नाही" अशी तक्रार असते ना, तिचं एक मोठं कारण हेच.

कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९७० च्या दशकात विचारलं, की जखमेची खबर मेंदूपर्यंत पोहोचूच दिली नाही तर? पाठीतून नळी घालून मज्जारज्जूजवळच्या नसा बधिर ठेवल्या, म्हणजे एपिड्युरल दिलं, तर ही झीज कमी होते, असं त्यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवलं. दुखणं थांबवणं म्हणजे केवळ पेशंटवर दया करणं नव्हे, तो बरं करण्याचाच भाग आहे, हे इथे पक्कं झालं.

मग केलेट एक साधा, आणि आम्हा सर्जनना चिडवणारा प्रश्न विचारू लागले: हा पेशंट आज हॉस्पिटलमध्ये का आहे? दुखतंय म्हणून? मग दुखणं नीट थांबवा. आतडी हलत नाहीत म्हणून? मॉर्फिनने आतडी सुस्तावतात, ते कमी करा. नाकात नळी आहे म्हणून? ती घातलीच कशाला? अशक्तपणा आहे म्हणून? तुम्ही पाच दिवस उपाशी ठेवलंत की! एकेका उत्तराला एकेक उपाय, आणि सगळे उपाय एकदम. दुखण्यावरही एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी पॅरासिटामॉल, सूज उतरवणारं वेदनाशामक आणि नस बधिर करणारं औषध थोडं थोडं मिळून द्यायचं, म्हणजे मॉर्फिन थोडक्यात भागतं.

१९९९ मध्ये केलेट आणि मोगेनसेन यांनी मोठ्या आतड्याचा तुकडा काढलेल्या १६ पेशंटची हकीगत छापली. पोट उघडून केलेली ऑपरेशनं, पेशंट बहुतेक वयस्कर, आणि हॉस्पिटलमधला मुक्काम साधारण २ दिवस! इतरत्र याच ऑपरेशनला आठवडाभर किंवा जास्त लागत असे. पुढच्याच वर्षी ६० पेशंटवर तसाच निकाल आला. सुमारे १५ टक्के पेशंटना मात्र परत भरती करावं लागलं, हेही त्यांनी झाकून ठेवलं नाही.

आपल्याकडे लवकर घरी जाण्याचं सगळं श्रेय दुर्बिणीला मिळतं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी देशातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून "छोटी भोकं, लवकर घरी" हे समीकरण डोक्यात बसलं. दुर्बिणीचे फायदे आहेतच. पण २००५ मध्ये केलेट यांच्या गटाने ६० पेशंटपैकी निम्म्यांचं आतड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून केलं, निम्म्यांचं पोट उघडून, आणि कोणाचं कसं झालं हे कळू नये म्हणून ते झाकून ठेवलं. नंतरची काळजी सगळ्यांची सारखीच. दोन्ही गट साधारण २ दिवसांत घरी गेले.

आता या इतिहासातलं काळं पान. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधले स्कॉट रूबेन हे भूलतज्ज्ञ याच मिश्र औषधांच्या पद्धतीवरचे मोठे नाव होते. २००९ मध्ये उघड झालं, की त्यांच्या २१ शोधनिबंधांत बनावट माहिती होती. काही अभ्यासांत पेशंटच नव्हते. सुगावा कसा लागला? २००८ मध्ये त्यांच्याच हॉस्पिटलच्या नेहमीच्या तपासणीत, दोन अभ्यासांना नैतिक समितीची परवानगीच नसल्याचं दिसलं. रूबेन यांना पुढे ६ महिन्यांचा तुरुंगवास झाला. पण तोवर जगभरच्या डॉक्टरांनी ते निबंध वाचून पेशंटना औषधं दिली होती. ही पद्धत टिकली, कारण तिला इतरांच्या खऱ्या कामाचा आधार होता. तरी काही गोळ्यांचा गाजावाजा नक्कीच कमी झाला. "अमुक गोळी घेतली की दुखणारच नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मला रूबेन आठवतात.

भारतात आणखी एक अडचण आहे. आपला देश सरकारी परवान्याने अफू पिकवतो, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं की अनेक हॉस्पिटलांनी नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी पेशंट आणि डॉक्टर दोघांच्याही मनात "सवय लागेल" ही धास्ती आहेच. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस, देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने सवय लागण्याची शक्यता फार कमी असते. दात-ओठ खाऊन सहन करत पडून राहिलात, तर खोल श्वास घेतला जात नाही आणि न्यूमोनियाची शक्यता वाढते.

तर, तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ आणि सर्जनना हे जरूर विचारा: कुठे दुखेल, किती दिवस? दुखण्यावर कोणकोणती औषधं मिळून देणार? पाणी कधीपर्यंत पिऊ? (बऱ्याच पेशंटना ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. मधुमेह, पोटाचे काही आजार किंवा गरोदरपण असेल तर नियम वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या मनाने ठरवू नका.) पहिल्यांदा कधी उठायचं, आणि तेव्हा हात धरायला कोण असेल? किडनीचा, ॲसिडिटीचा, दम्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. काही वेदनाशामकं मग चालत नाहीत.

त्या आजींचा मुलगा त्याच संध्याकाळी खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आला, तेव्हा आजी त्याच्या मागे पाण्याची बाटली घेऊन चालत होत्या.