नकाशाची कड आणि तिथली माणसे

पृथ्वीला कड नाही. नकाशाला मात्र असते. ही कड कोणी आखली आणि तिचा हिशेब कोणाला चुकवावा लागला, हे आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत.

१५२२ सालच्या जुलैत मॅगेलनच्या मोहिमेतील ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज पृथ्वीला वळसा घालून केप व्हर्दे बेटांशी आले. जहाजावरील रोजनिशीप्रमाणे त्या दिवशी बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गुरुवार. रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेट्टाची त्यात चूक नव्हती. पश्चिमेकडे जात प्रदक्षिणा पुरी केली की सूर्याचा एक उदय कमी मोजला जातो. तेव्हा पृथ्वीवर कुठेतरी वार बदलणे भागच आहे.

१८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ धरावे, तेथून पूर्वेला १८० अंशांपर्यंत अधिक आणि पश्चिमेला १८० अंशांपर्यंत उणे मोजावे, असे ठराव त्यांनी केले. गोल बांगडी एके ठिकाणी कापून सरळ करावी, तसे हे झाले. काप पॅसिफिक महासागरात पडला. पण तेथेही माणसे राहतात.

किरिबाती या देशाची बेटे १८० अंशांच्या दोन्ही बाजूंना आहेत. एका भागात शुक्रवार तर दुसऱ्यात गुरुवार, अशाने सरकारी कामाचे समाईक दिवस आठवड्यात चारच उरत. म्हणून १९९५ च्या आरंभी त्या देशाने वाररेषाच पूर्वेकडे वळवली. सामोआने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून २०११ साली ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळला. मजुरीचे काय, हा आमचा पहिला प्रश्न असतो. तेथील सरकारने त्या न उगवलेल्या शुक्रवारचाही पगार कामगारांना देवविला.

आज हाच काप संगणकाच्या नकाशांना नडतो. फिजीच्या तावेउनी या डोंगराळ बेटावरून १८० अंशांची रेषा जाते. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी समोच्चरेषा तेथे काढावयाची आहे असे समजा. तिचा एक बिंदू अधिक १७९.९९ वर, पुढचा उणे १७९.९९ वर. दोहोंत अंतर सुमारे दोन किलोमीटर. परंतु यंत्र नुसते आकडे पाहते आणि ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका यांवरून नकाशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढते.

यावर सोपा उपाय म्हणजे असे तुकडे गाळून टाकणे. रेघ नाहीशी होते. पण डोंगरालाही खिंडार पडते. खरी दुरुस्ती निराळी. लागोपाठच्या दोन बिंदूंत १८० अंशांहून अधिक फरक दिसला, तर उणे बिंदूत ३६० मिळवावे, उणे १७९.९९ चे १८०.०१ होते आणि रेषा सलग राहते. मग ती नेमकी १८० वर कापून एक तुकडा उजव्या कडेला, दुसरा डाव्या कडेला काढावा. नकाशाची माहिती लिहिण्याच्या ‘जिओजेसन’ या पद्धतीच्या २०१६ च्या प्रमाण नियमांतही अशी रेषा त्या ठिकाणी कापून लिहावी, असेच सांगितले आहे.

गाळलेल्या शुक्रवारची मजुरी आणि कापलेल्या डोंगराचा तुकडा, दोन्हींचा न्याय एकच. काप सोयीसाठी घातला, तर कापाजवळ राहणाऱ्याचे काहीही हरवू न देणे ही काप घालणाऱ्याची जबाबदारी आहे.