हल्ली कुठे असतोस?

कॉलेजातला वर्गमित्र पंचवीस वर्षांनी भेटला, की तो "कसा आहेस?" असे विचारीत नाही. ते त्याला दिसतच असते. टक्कल, पोट आणि चष्म्याची काच या तीन पुराव्यांवरून तो एका नजरेत निकाल देऊन टाकतो आणि मग म्हणतो, "हल्ली कुठे असतोस?" वरवर साधा दिसणारा हा प्रश्न म्हणजे अख्खी परीक्षा असते. नोकरी, पगार, जागेचे चौरस फूट, बायकोची नोकरी आणि मुलगा अमेरिकेला गेला की अजून घरीच आहे, असे पाच पेपर त्यात असतात. मी त्यातला फक्त भूगोलाचा पेपर सोडवतो. म्हणतो, "विक्रोळी."

"म्हणजे गोदरेजमध्ये!"

विक्रोळीत राहणारा प्रत्येक माणूस गोदरेजमध्ये असतो, अशी उभ्या महाराष्ट्राची समजूत आहे. तिला आधार नाही असे नाही. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली इथली जमीन घेतली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी इथल्या कारखान्यातून लाखो मतपेट्या बाहेर पडल्या. १९५५ साली गोदरेजने टाइपरायटर काढला. हे सगळे खरे. पण यातल्या एकाही गोष्टीत माझा हात नाही. मी राहतो कन्नमवार नगरात आणि नोकरी केली फोर्टात. गोदरेजशी माझा संबंध एका कपाटापुरता. त्या कपाटाच्या लॉकरमध्ये बायकोच्या बांगड्यांच्या खाली आमच्या बी. ए. च्या वर्गाचा ग्रुप फोटो असतो. बांगड्यांपेक्षा तो अधिक सुरक्षित आहे, कारण तो नेऊन चोराला काही फायदा नाही.

फोटोत आम्ही बहात्तर जण आहोत. या बहात्तरांचे पुढे काय झाले याची नोंद ठेवण्याचे काम आमच्यातल्या एकाने न सांगता अंगावर घेतले. त्याला आम्ही चित्रगुप्त म्हणतो. त्याच्याकडे एक लांबडी वही आहे. तिच्यात रकाने आहेत : नाव, पत्ता, हुद्दा, अपत्ये, शेरा. कोणाला बढती मिळाली, कोणी ठाण्यात दुसरा ब्लॉक घेतला, कोणाचा जावई कुठल्या बँकेत आहे, सगळे त्यात मिळते. यमाच्या दरबारातल्या चित्रगुप्ताकडेसुद्धा चौरस फुटांचा हिशेब नसेल. आमच्याकडे आहे.

पूर्वी हे काम फार सोपे होते. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली १८६२ साली. त्या तुकडीत होते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. संपली यादी. चारच! स्नेहसंमेलन भरवायचे तर हॉल नको, वर्गणी नको. एक कॅरमबोर्ड पुरे. शिवाय ही माणसे करायची ते चारचौघांत करायची, त्यामुळे चौकशीची गरजच नव्हती. प्रार्थना समाज १८६७ साली निघाला, त्यात रानडे आणि भांडारकर दोघेही आले. म्हणजे एकाच ठिकाणी डोळे मिटून बसण्याची सोय झाली. पुढे १८९३ साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि त्याच साली भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एकाच वर्गातल्या दोघांना एकाच वर्षी एवढी मोठी बढती! आमच्या वर्गात असे घडते तर उरलेल्यांच्या घरी आठवडाभर स्वयंपाक अळणी झाला असता.

पण लहान वर्गाचे एक दुःखही असते. रानडे १९०१ साली गेले. भांडारकर त्यानंतर चोवीस वर्षे होते. बहात्तरांतला एक गेला तर चित्रगुप्ताच्या वहीत एक फुली पडते. चौघांतला एक गेला तर पाव वर्ग जातो.

वर्ग मोठे होत गेले, तशी साधनेही वाढली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि चार ओळींत खुशाली कळवण्याची सोय झाली. मग टेलिफोन आला. म्हणजे शेजाऱ्यांकडे आला. आपल्याकडे यायला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या काळात आमचा खरा टेलिफोन म्हणजे सकाळची लोकल. दांडीला लोंबकळताना विक्रोळी ते दादर एवढ्या वेळात निम्म्या वर्गाची खबर लागे. आता हे सगळे खिशातल्या मोबाइलमध्ये आले आहे. न्यू जर्सीतल्या वर्गमित्राने काल रात्री काय खाल्ले ते मला सकाळच्या चहाच्या आत कळते. त्याच्या बर्फात रुतलेल्या मोटारीचा फोटो मी सहा कोनांतून पाहिलेला आहे.

तरीही एकमेकांची खबर ठेवावी ती टिळक-आगरकरांनी. दोघे डेक्कन कॉलेजातले. सरकारी नोकरी करायची नाही असे ठरवून १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस दोघे एकत्र राहिले. विक्रोळीहून लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरले की ही डोंगरी. आमचे स्नेहसंमेलन जेवण धरून चार तास चालते आणि तिसऱ्या तासाला लोक घड्याळ पाहू लागतात. इथे एकशे एक दिवस! तिथेही ते इतक्या मोठ्याने वाद घालीत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे, असे सांगतात.

पुढे दोघांचे फाटले. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. त्यानंतर दोघांनी एकमेकांची जी खबर ठेवली तिला तोड नाही. हा काय लिहितो ते त्याने दर आठवड्याला वाचायचे आणि तो काय लिहितो ते याने. मित्राचे पत्र माणूस एकदा वाचतो, विरोधकाचा अग्रलेख चार वेळा वाचतो. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेले आगरकर १७ जून १८९५ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतले पाणी खळत नव्हते, असे सांगतात. सात वर्षे भांडून मनात काय शिल्लक होते ते त्या दिवशी दिसले.

टिळक-आगरकरांशी आमची तुलना करण्याइतका मी धीट नाही. पण आमच्या वर्गात एक गोष्ट घडली, ती सांगतो.

आमचा एक वर्गमित्र विक्रोळीच्याच पार्कसाइटला राहायचा. वहीत त्याच्या नावापुढे हुद्दा होता : सुपरवायझर. नव्वदच्या दशकात त्याच्या कारखान्याला टाळे लागले. त्याने घरी सांगितले नाही, वर्गाला तर नाहीच. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि स्टेशनवरच्या बाकावर बसून गाड्या जाताना पाहायचा. संध्याकाळी घामाघूम होऊन घरी. वर्षभर वहीत तो सुपरवायझरच राहिला.

आमच्या वर्गातला आणखी एक जण बी. ए. ला दोनदा गटांगळी खाऊन शेवटी निघाला होता. स्टेशनजवळ पश्चिमेला त्याचे वह्या-पेन्सिलींचे छोटे दुकान. याची खबर कोणी फारशी ठेवीत नसे, कारण तिच्यात काही घडतच नव्हते. हा एके दिवशी दोन कप चहा घेऊन त्या बाकावर जाऊन बसला. काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशीही गेला. मग डबा अर्धा अर्धा व्हायला लागला. महिन्याभरात त्याने आजूबाजूच्या पाच दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या गोळा केल्या आणि डबेवाल्यापुढे ठेवल्या. म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं होतं रे. एवढं लिहून दे."

त्या वह्यांवर त्या घरातल्या दोन मुली शिकल्या. आम्हाला हे कळले ते थोरलीच्या लग्नात, जेव्हा मुलीच्या बापाने हातात अक्षता घेऊन या दुकानदाराला हाताला धरून आपल्या शेजारी उभे केले. चित्रगुप्त चक्रावला. वही काखेत मारून त्याने दुकानदाराला गाठले.

"तुला कसं कळलं? कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" तो म्हणाला. "रोज दुकानासमोरून जायचा. एक दिवस चाल बदलली."

चांगली बातमी आपल्या पायांनी घरोघर जाते. न्यू जर्सीहूनसुद्धा येते. अडचणीत सापडलेल्या वर्गमित्राची बातमी मात्र जाऊन आणावी लागते, आणि ती जवळच्यालाच आणता येते. आमच्या विक्रोळीत रूळ ओलांडणे हे पूर्वी मोठे दिव्य होते. पार्कसाइटला जायचे म्हटले की पूर्वेचा माणूस म्हणे, "बघू, रविवारी." आता २०२५ साली पूर्व-पश्चिम पूल झाला आहे. कन्नमवार नगरातल्या माणसाची एक चांगली सबब त्यामुळे कायमची गेली.