गळती आणि नोंदवही : १९६८-६९ च्या एकाकी सागरप्रदक्षिणांची साधने

शिडाच्या छोट्या नौकेवर महिनोन् महिने एकट्याने राहिलेल्या माणसांचा इतिहास आजवर बहुधा पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वादळ, एकाकीपणा आणि अंती किनारा, असा त्याचा ठरीव साचा झाला आहे. या साच्यात नौकेवरील दैनंदिन मोडतोडीला केवळ शोभेचे स्थान मिळते. वस्तुतः नौकेवर राहणाऱ्याचा बहुतेक काळ अशा मोडतोडीच्या निवारणातच जातो, आणि त्याची नोंद तो ज्या वहीत करतो ती वही हेच इतिहासकाराचे प्रमुख साधन असते. या वहीवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. त्यासाठी १९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने जाहीर केलेल्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीचे उदाहरण घेतले आहे. कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी अशी अट होती. नऊजण निघाले, पूर्ण करून परतला एकच.

तो परतलेला खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची नौका 'सुहैली' ही मुंबईत बांधलेली होती. नॉक्स-जॉन्स्टन त्या वेळी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. अमेरिकन आराखडाकार विल्यम अ‍ॅटकिन यांच्या जुन्या नकाशावरून, सुमारे बत्तीस फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची ही नौका मुंबईच्या सुतारांनी १९६३-६४ च्या सुमारास सागवानात घडवली. वाकस आणि सामता ही त्यांची हत्यारे. याच मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे 'सुहैली'च्या टिकाऊपणाचे फारसे आश्चर्य वाटू नये. नौकेचे नाव इराणी आखातातील आग्नेय वाऱ्यावरून घेतले आहे. ज्या सुहैल ताऱ्याशी या शब्दाचे नाते आहे तो म्हणजे आपला अगस्त्य. प्रवासाच्या अधिदेवतेची अशी निवड योगायोगाने झाली असली तरी ती अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

१४ जून १९६८ रोजी 'सुहैली'ने फाल्मथ सोडले. सुमारे महिन्याभरात, केप व्हर्द बेटांच्या दक्षिणेस, नौकेत पाणी वाढू लागले. दररोजचा उपसा पुरेना. नॉक्स-जॉन्स्टनने प्रथम आतून तपासणी केली, कारण तळाच्या कण्याला (कोकणातील कारागीर त्याला पठाण म्हणतात) बरगड्या सुटल्या असतील तर परत फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. आतील जोड शाबूत आढळले. मग तो पाण्यात उतरला. पठाण आणि पहिली फळी यांच्या सांध्यात, पाण्याखाली सुमारे पाच फुटांवर, जवळजवळ आठ फूट लांबीची फट हालत होती. दोन्ही बाजूंस तोच प्रकार. सांध्यात कापूस ठासावा तर एका श्वासात तो बसेना, आणि वर येऊन पुन्हा बुडी मारेपर्यंत निघून जाई. तेव्हा त्याने कापूस किनतानाच्या अरुंद पट्टीवर शिवला, पट्टीला डांबर चोपडले आणि ती तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली. पट्टी सुटू नये म्हणून वरून तांब्याचा पत्रा मारला. शार्कचे लक्ष गोऱ्या अंगाकडे जाऊ नये म्हणून गडद कपडे घालून तो हे काम करीत होता. तरीही एक शार्क आलाच, आणि तो बंदुकीने मारल्यावर पुन्हा उतरण्याआधी त्याला बराच काळ वाट पाहावी लागली.

या प्रसंगाचे वर्णन बहुतेकांनी धैर्याचा दाखला म्हणून केले आहे. आमच्या मते त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हीच नौका मुंबईहून इंग्लंडकडे नेताना अरबी समुद्रात अशीच गळली होती, आणि तेव्हाही ती समुद्रातच बुडी मारून बुजवावी लागली होती. अर्थात केप व्हर्दजवळचे संकट नॉक्स-जॉन्स्टनला अनपेक्षित होते, पण अपरिचित नव्हते. कोणता दोष प्राणघातक आणि कोणता केवळ त्रासदायक, हा विवेक त्याला नौका बांधली जात असताना उभे राहून आणि नंतर तिच्यावर राहून आलेला होता.

पुढील आपत्ती थोडक्यात सांगता येतील. सप्टेंबरच्या आरंभी दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी झाली; खोलीचे छत जागचे किंचित सरकले, वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू दुखावले. टाक्यांतील गोडे पाणी नासले आणि पावसावर भिस्त ठेवावी लागली. ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंसुकाणू कायमचे निकामी झाले, तेव्हा शिडांचा समतोल साधून आणि सुकाणूचा दांडा बांधून नौका चालवण्याचा जुना मार्ग त्याने पत्करला. बिनतारी यंत्रही बंद पडले. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ दिसल्यानंतर ६ एप्रिल १९६९ पर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. २२ एप्रिल रोजी, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथला पोहोचला.

आता दुसरी वही. डोनाल्ड क्रौहर्स्ट हा विद्युत्-उपकरणांचा व्यावसायिक ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, 'टेनमथ इलेक्ट्रॉन' या घाईने बांधलेल्या तीन-सांगाड्यांच्या नौकेतून निघाला. त्याच्याही नौकेत लवकरच पाणी शिरू लागले. बाजूच्या सांगाड्यांतील पाणी उपसण्यासाठी लागणारी लवचीक नळी किनाऱ्यावरच राहून गेली होती. नोव्हेंबरच्या मध्यास त्याने आपल्या वहीत नौकेच्या दोषांची जी छाननी केली आहे, ती वाचली असता त्याच्या बुद्धीविषयी आदरच वाटतो. पुढे जाणे म्हणजे बहुधा मरण, हे त्याने स्वतः मांडून ठेवले. परत फिरण्याआड मात्र समुद्र येत नव्हता. प्रवास अर्धवट सोडल्यास नौका स्वतः विकत घेण्याचा करार त्याने पुरस्कर्त्याशी केला होता, आणि त्याचा अर्थ दिवाळखोरी होता. डिसेंबरपासून तो खोट्या स्थानांची गणिते करू लागला आणि एका दिवसात २४३ मैल तोडल्याची तार त्याने पाठवली. मार्चमध्ये नौका दुरुस्त करण्यासाठी तो गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागला. हे नियमबाह्य होते. त्याची वही १ जुलै १९६९ रोजी थांबते. १० जुलैस नौका निर्मनुष्य सापडली. तो मात्र सापडला नाही. टॉमलिन आणि हॉल यांनी याच वह्या तपासून १९७० साली सारा प्रकार ग्रंथरूपाने मांडला.

खोट्या नोंदीचा परिणाम केवळ कागदावर राहिला नाही. नायजेल टेटली याची नौका परतीच्या टप्प्यात खिळखिळी झाली होती. सावकाश चालवली असती तर ती कदाचित घरी पोहोचली असती. परंतु क्रौहर्स्ट वेगाने मागून येत असल्याच्या बातमीवर विसंबून त्याने ती दामटली. २१ मे १९६९ रोजी अझोर्सजवळ ती नौका बुडाली. टेटली बचावला. क्रौहर्स्टच्या नोंदींची किंमत येथे दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. विजेत्याच्या वहीतील संकटे परतीच्या प्रकाशात वाचली जातात, म्हणून ती रंजक वाटतात. 'सुहैली'ची पट्टी सुटली असती तर तीच टिपणे आज हट्टाचा पुरावा म्हणून उद्धृत झाली असती. उलट क्रौहर्स्टला सरसकट लबाड ठरवणे सोपे आहे, पण त्याची नोव्हेंबरची छाननी डिसेंबरच्या गणितांइतकीच त्याची आहे. नॉक्स-जॉन्स्टनने जलद प्रवासाचे पाच हजार पौंडांचे पारितोषिक क्रौहर्स्टच्या कुटुंबास दिले, यावरून त्याचा स्वतःचा निवाडा काय होता ते दिसते.

'सुहैली'च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, पाठीस जबर दुखापत झाली, आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने त्यांना उचलले. त्यांचे तुटक संदेश उपग्रहाद्वारे त्याच वेळी किनाऱ्यावर पोहोचत होते. म्हणजे नोंद वहीत बंद न राहता घडतानाच सार्वजनिक झाली. असे संदेश पुढील संशोधकाने वेगळ्या कसोटीने तपासावे लागतील, कारण ते स्वतःसाठी लिहिलेले नसून मदत मागण्यासाठी लिहिलेले आहेत.

मुंबईच्या बाजूने हा इतिहास लिहावयाचा झाल्यास तिसऱ्याच प्रकारची साधने हवीत : लाकडाच्या खरेदीचे हिशेब, सुतारांचे हजेरीपट, मजुरीच्या पावत्या. पठाणालगतची ती फळी ज्या हातांनी बसवली, त्यांचा शोध नॉक्स-जॉन्स्टनच्या वहीतून नव्हे, तर या कागदांतूनच घ्यावा लागेल.