गणिती फंक्शनचे युनिट टेस्टिंग

भागाकार, वर्गमूळ, फॅक्टोरियल अशी गणिते करणारे फंक्शन बाकीच्या प्रोग्रामपासून सुटे काढून, ठरावीक इनपुट देऊन तपासण्याची पद्धत. नेहमीच्या इनपुटला उत्तर बरोबर येते का, हे बहुतेक जण तपासतात. भलतेच इनपुट आल्यावर फंक्शन कसे वागते, हे तपासायचे बहुधा राहून जाते.

भलत्या इनपुटला काय व्हावे, हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरवते. –१ चे वर्गमूळ मागितले की पायथॉनचे मॅथ मॉड्यूल ‘व्हॅल्यूएरर’ देते. जावास्क्रिप्ट मुकाट्याने ‘नॅन’, म्हणजे संख्याच नसलेले मूल्य, परत करते. जावात पूर्णांकाला शून्याने भागल्यास एक्सेप्शन येते, तर १.० ला ०.० ने भागल्यास अनंत. नॅन आणि अनंत यांचे नियम आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकातले आहेत. त्यांनुसार नॅन स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे साध्या बरोबरीच्या चिन्हाने तो ओळखता येत नाही.

सर्वांत फसवी चूक एरर न देणारी. १२ चे फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० हे ३२ बिटांच्या पूर्णांकात मावते. १३ चे मावत नाही, पण जावातले साधे फंक्शन तरीही १,९३,२०,५३,५०४ असे धन आणि दिसायला भरघोस उत्तर देते. खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. म्हणून ०, १, १२, १३ आणि –१ ही इनपुटे तपासल्याखेरीज या फंक्शनची चाचणी झाली असे म्हणू नये. रिकर्शनने लिहिलेल्या फंक्शनमध्ये ऋण संख्या आधीच अडवली नाही, तर ते स्टॅक भरेपर्यंत स्वतःलाच बोलावत राहते.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना मावली नाही, आणि त्या एररची सोय केलेली नव्हती. तो कोड एरियान ४ साठी लिहिलेला होता. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो तपासलाच गेला नव्हता.

दशांश संख्यांत ०.१ + ०.२ नेमके ०.३ होत नाही, म्हणून थोडा फरक चालवून घ्यावा लागतो. पायथॉनच्या युनिटटेस्टमधील ‘असर्टऑलमोस्टइक्वल’ एरवी सात दशांश स्थळांपर्यंत पाहते. पण उत्तरच एक अब्जांशाएवढे असेल, तर त्याच्या दुप्पट आकडाही पास होतो. तिथे सापेक्ष फरक धरावा. एक्सेप्शनच्या चाचणीतही अपेक्षित प्रकार नेमका लिहावा. ‘कुठलेही एक्सेप्शन चालेल’ असे लिहिल्यास फंक्शनमधल्या व्हेरिएबलच्या नावातली टायपिंगची चूकसुद्धा चाचणी पास करून देते.