घर, आग आणि कायद्याची नक्कल

कायदा ठाऊक नव्हता, ही सबब न्यायालयांत चालत नाहीं. हा नियम जुना आहे आणि त्यावांचून राज्य चालणेंहि कठीण. परंतु ज्यानें कायदा पाळावयाचा त्याला तो वाचावयास मिळाला पाहिजे, ही त्याच नियमाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. घर बांधणें आणि आगीपासून तें राखणें यासंबंधींच्या कायद्यांत तर या बाजूचें महत्त्व विशेष आहे. कारण येथील चूक दंड भरून फिटत नाहीं, ती प्राणांवर बेतते.

पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास बारामती आणि इंदापूर हे तालुके आहेत. लेखी राज्यव्यवहाराशीं या मुलखाची ओळख जुनी आहे. प्रिंगलसाहेबांनीं ठरविलेली आकारणी रयतेस झेपेना, तेव्हां गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं १८३५ सालीं नव्या मोजणीस व प्रतबंदीस आरंभ केला तो इंदापूर तालुक्यांतच. तीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. शेताचा आकार कागदावर स्थिर झाला, आणि त्या कागदाची नक्कल कुणब्याच्या घरीं जपून ठेवण्याची वस्तु झाली. राहत्या घरासंबंधींचा कायदा मात्र इतक्या सहज कोणाच्या हातीं आला नाहीं.

१८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें लोकांच्या इच्छेनुसार शहरांत सुधारणेची व्यवस्था लावण्याची मुभा दिली. बारामती व इंदापूर या दोन्ही गांवीं १८६५ सालीं म्युनिसिपालिट्या स्थापन झाल्या. पुढें १८७३, १८८४ आणि १९०१ सालीं जिल्हा म्युनिसिपालिट्यांचे कायदे झाले. १९०१ च्या कायद्यांत आगीचा विचार स्पष्ट होता. गवत, पानें, चटया असल्या चटकन् पेट घेणाऱ्या पदार्थांचीं छपरें व बाहेरील भिंती परवानगीवांचून करूं नयेत. धोका दिसेल तेथें लांकूड, वाळलें गवत, पेंढा यांच्या गंजी रचण्यास म्युनिसिपालिटीनें मनाई करावी. नवें घर बांधण्यापूर्वीं तिला लेखी सूचना द्यावी, असा त्याचा आशय होता. ज्या मुलखांत ज्वारीच्या कडब्याची गंज हीच घराची श्रीमंती, तेथें हीं कलमें किती जिव्हाळ्याचीं होतीं हें सांगावयास नको.

परंतु येथेंच नकलेची अडचण उत्पन्न झाली. मूळ कायदा मुंबईस होई व सरकारी गॅझेटांत छापला जाई. त्याखालचे पोटनियम प्रत्येक म्युनिसिपालिटी मंजुरी घेऊन स्वतंत्रपणें करी. म्हणजे आपल्या गल्लींत काय चालतें व काय चालत नाहीं हें कळण्यास दोन ठिकाणचे कागद एकत्र वाचावे लागत. एक वाचून दुसरा न वाचणाऱ्यास अर्धाच कायदा समजे, आणि अर्धा कायदा पुष्कळदां अज्ञानापेक्षां अधिक फसवा असतो.

प्रसिद्ध न झालेला कायदा लोकांवर बांधील असूं शकतो काय, हा प्रश्न १९५१ सालीं हरला विरुद्ध राजस्थान या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें आला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळानें १९२३ सालीं एका ठरावानें अफूचा कायदा केला होता. पण तो ठराव लोकांस कळेल अशा रीतीनें प्रसिद्ध केलाच नव्हता. न्यायालयानें तो कायदा अमान्य ठरविला. लोकांना जो कळण्याचा मार्गच नाहीं त्याबद्दल त्यांना शिक्षा करणें न्यायाला धरून नाहीं, असें त्या निकालाचें सार आहे.

आज कायद्यांची संख्या वाढली आहे. १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम, १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ६ डिसेंबर २००८ पासून अमलांत आलेला २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, आणि डिसेंबर २०२० मधील एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, हे सर्व एकत्र वाचावे लागतात. त्यांतहि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीस ती नियमावली लागू नाहीं. तेथें औद्योगिक विकास महामंडळाचे नियम चालतात. एका रस्त्याच्या दोन बाजूंस दोन निरनिराळे नियम असूं शकतात तें यामुळें.

म्हणून नक्कल मागणाऱ्यानें प्रथम आपली जागा कोणाच्या हद्दींत आहे हें ठरवावें. नगररचनेच्या अधिसूचना राजपत्राच्या पुणें विभागीय पुरवणींत निघतात. स्थानिक पोटनियम नगरपरिषदेच्या दप्तरीं असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क दिला, आणि राज्याच्या नियमांनीं नकलेस पृष्ठामागें दोन रुपये असा दर ठेवला. न्यायालयीन कामास साधी नक्कल पुरत नाहीं, प्रमाणित नक्कल लागते. आणि नक्कल कोणतीहि असो, तींत कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या आल्या आहेत हें पाहिल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये.

हा सारा खटाटोप कशासाठीं? १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें एका शाळेच्या स्वयंपाकघरांतून आग निघाली, वर्गांवरील शाकारलेल्या छपरास लागली आणि ९४ मुलें दगावलीं. गवताच्या छपरासंबंधीं १९०१ सालीं मुंबई इलाख्यानें जें लिहून ठेवलें होतें, त्याचा अर्थ शंभर वर्षांनीं दुसऱ्या प्रांतांत असा उलगडला. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत लागलेल्या आगींत दहा नवजात बालकें गेलीं; त्या वेळीं राज्याचा आगप्रतिबंधक कायदा बारा वर्षें अमलांत होता.

२००६ च्या मूळ कायद्यानें आगीचीं साधनें चालू स्थितींत असल्याचा दाखला दर जानेवारींत व जुलैंत देण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. तो दाखला खरा कीं नुसता सहीचा, हें शाळेंत मूल पाठविणाऱ्या पालकानें विचारावें. पण तें विचारण्यास त्याच्या हातीं कायद्याची नक्कल हवी. शेताचा उतारा जपून ठेवणाऱ्या या मुलखाला त्या कागदाची किंमत नव्यानें शिकवावी लागूं नये.