तोफांच्या धातूचा तारा

सरोजिनी नगरातील आमच्या एका शेजाऱ्यांस युद्धांची स्मारक नाणी व पदके जमविण्याचा छंद आहे. परवाच्या रविवारी त्यांनी आमच्या हाती दोन वस्तू ठेवल्या. एक, १८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामास दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने भारत सरकारने २००७ साली काढलेले पाच रुपयांचे नाणे. दुसरी, सहा टोकांचा काशाचा तारा. त्याच्या मधोमध लहानसा रुपेरी तारा व त्यावर इंग्रजीत महाराजपूरचे नाव आणि २९ डिसेंबर १८४३ ही तारीख. पहिल्या वस्तूविषयी सांगावयास नको. दुसरीचा इतिहास मात्र आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

१८४३ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरचे जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. दत्तक जयाजीराव अज्ञान, ताराबाई राणीसाहेबांचे वयही कोवळे, आणि दरबारात तट पडलेले. ही संधी साधून गव्हर्नर जनरल एलनबरो फौजेसह चालून आला. २९ डिसेंबरच्या एकाच दिवशी गफने महाराजपुरास व ग्रेने पनिहारास शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला. पण हा विजय स्वस्त नव्हता. शिंद्यांचे गोलंदाज आपापल्या तोफा न सोडता जागच्या जागी कापले गेले. एकट्या महाराजपुरास इंग्रजांकडील सुमारे आठशे माणसे ठार वा जखमी झाली. पुढे हस्तगत केलेल्या तोफांचा धातू वितळवून त्याचे तारे घडविले गेले व ते विजयी सैन्यास वाटले गेले. कंपनीच्या हिंदी शिपायांनाही ते मिळाले. आमच्याच तोफांचा धातू आमच्याच देशबांधवांच्या छातीवर चढला!

परंतु हकीकत येथे संपत नाही. १८४४ च्या तहाने शिंद्यांची स्वतःची फौज कमी करण्यात आली आणि त्यांच्याच खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘ग्वाल्हेर कंटिन्जंट’ वाढविण्यात आली. हीच पलटण १८५७ च्या जूनमध्ये उठली, आणि नोव्हेंबरात तात्या टोपे यांच्या नेतृत्वाखाली तिने कानपुरास जनरल विंडहॅमला मागे रेटले. म्हणजे ज्या तहावर त्या ताऱ्याने जणू शिक्का मारला, त्याच तहातून पाच रुपयांच्या नाण्यामागील इतिहासाचा एक धागा निघतो.

आम्ही पडलो कारकून. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे ठरते, हा आमचा नित्याचा अनुभव. महाराजपुराच्या गोलंदाजांची नावे कोणत्याही नाण्यावर नाहीत. त्यांची धातूतील नोंद शत्रूने केली, आणि तीही स्वतःच्या गौरवासाठी. म्हणून तो तारा पाहून संतापाने दूर सारावा, असे आम्हांस वाटत नाही. तो जपावा, मात्र वाचावा तो उलट बाजूने, ज्यांच्या तोफा वितळल्या त्यांच्या बाजूने.

शेजाऱ्यांनी दोन्ही वस्तू एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ती मांडणी आम्हांस योग्य वाटली.